शेतीवरील शासकीय खर्च आणि ग्रामीण दारिद्र्य

केंद्र आणि राज्यांच्या अर्थसंकल्पांत दरवर्षी शेतीसाठी मोठ्या रकमा ठेवल्या जातात. मात्र हा पैसा कोणत्या वाटेने गावात येतो आणि गावातल्या सर्वांत गरीब घरापर्यंत पोहोचतो का, हे एकूण रकमेवरून कळत नाही. खताच्या गोणीवर, धरणावर, रस्त्यावर आणि संशोधन केंद्रावर खर्च झालेला प्रत्येकी एक रुपया सारखे काम करत नाही. या लेखात शेतीवरील खर्चाचे मुख्य प्रकार, त्यांचा दारिद्र्यावर झालेला परिणाम आणि कोणती कुटुंबे या खर्चाच्या कक्षेबाहेर राहतात, याची माहिती दिली आहे.

शेतीवरील खर्च कोठे कोठे असतो?

शेती आणि सिंचन हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांचे विषय आहेत. तरीही किंमत, खत, पतपुरवठा, संशोधन आणि थेट अर्थसाहाय्य यांत केंद्र शासनाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे केवळ कृषी मंत्रालयाची तरतूद पाहिली तर चित्र अपुरे राहते. खत अनुदान रसायने व खते मंत्रालयाकडे, अन्न अनुदान अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे, ग्रामीण रस्ते व रोजगार ग्रामीण विकास मंत्रालयाकडे आणि सिंचन जलशक्ती मंत्रालयाकडे असते. कृषिपंपांच्या विजेची सवलत बहुतेक राज्यांत ऊर्जा विभागाच्या हिशेबात दिसते.

२०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खत अनुदानासाठी सुमारे १ लाख ६४ हजार कोटी रुपये, प्रधानमंत्री किसान सन्मान निधीसाठी ६० हजार कोटी रुपये आणि कृषी संशोधन व शिक्षण विभागासाठी सुमारे ९,९४१ कोटी रुपये ठेवण्यात आले होते. म्हणजे संशोधनाच्या एका रुपयामागे खतावर सोळा रुपयांहून अधिक. २०२२-२३ मध्ये जागतिक बाजारात खते महागल्याने खत अनुदान अडीच लाख कोटींच्या पुढे गेले होते. हे प्रमाण लक्षात ठेवावे, कारण पुढे अभ्यासांचे निष्कर्ष पाहताना ते उपयोगी पडेल.

हिशेबाच्या दृष्टीने या खर्चाचे दोन भाग पडतात. कालवे, रस्ते, बाजारसमितीची गोदामे यांवरील खर्च भांडवली असतो आणि त्यातून अनेक वर्षे टिकणारी मालमत्ता तयार होते. अनुदान, व्याज सवलत आणि खात्यात जमा होणारी रक्कम हा महसुली खर्च असून तो दरवर्षी नव्याने करावा लागतो. कृषी संशोधनाचा मोठा भाग वेतनाच्या स्वरूपात महसुली खर्चातच दिसतो, पण त्याचे फळ मात्र भांडवली खर्चासारखे दीर्घकाळ मिळते. तेव्हा केवळ 'भांडवली' किंवा 'महसुली' या शिक्क्यावरून खर्च चांगला की वाईट हे ठरवू नये.

गावातला गरीब कोण?

शेतीवर खर्च केला की गावाची गरिबी आपोआप कमी होते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे, कारण शेतीवर जगणारा प्रत्येक जण जमिनीचा मालक नसतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात स्वतःची किंवा कसण्यास घेतलेली जमीन कसणारे ११.८८ कोटी, तर शेतमजूर १४.४३ कोटी होते. दहा वर्षांपूर्वी हे आकडे अनुक्रमे १२.७३ कोटी आणि १०.६८ कोटी होते. म्हणजे या दशकात शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त झाली.

ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांचीही स्थिती पाहू. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारण क्षेत्र १.०८ हेक्टर होते आणि सुमारे ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतील होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८-१९ मधील पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यात पिकांपासून ३,७९८ रुपये आणि मजुरी-पगारातून ४,०६३ रुपये होते. २०१२-१३ च्या पाहणीत पिकांचे उत्पन्न मजुरीपेक्षा जास्त होते. सहा वर्षांत हा क्रम उलटा झाला.

याचा अर्थ साधा आहे. अल्पभूधारकाचे घरसुद्धा आज पिकाइतकेच रोजंदारीवर चालते. म्हणून शासनाचा रुपया मजुरी वाढवतो का, धान्य स्वस्त ठेवतो का आणि गावाजवळ दुसरे काम उभे करतो का, हे प्रश्न उत्पादन वाढीच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे ठरतात.

दारिद्र्य किती कमी झाले?

तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार ग्रामीण भागातील दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्येचे प्रमाण १९९३-९४ मध्ये ५०.१ टक्के, २००४-०५ मध्ये ४१.८ टक्के आणि २०११-१२ मध्ये २५.७ टक्के होते. पहिल्या अकरा वर्षांत जेमतेम आठ टक्क्यांची, तर पुढच्या सात वर्षांत सोळा टक्क्यांची घट झाली. या दुसऱ्या टप्प्यात शेतीची वाढ सुधारली, २००७ मध्ये राष्ट्रीय कृषी विकास योजना सुरू झाली, रोजगार हमी देशभर पोहोचली, बांधकाम क्षेत्रात कामे वाढली आणि ग्रामीण मजुरीचे दर महागाईपेक्षा वेगाने चढले. यातील कोणत्या एका कारणाला किती श्रेय द्यावे याबाबत अर्थतज्ज्ञांत एकमत नाही. मात्र मजुरीतील वाढ महत्त्वाची होती हे बहुतेकांना मान्य आहे.

२०११-१२ नंतर खर्चावर आधारित अधिकृत दारिद्र्यरेषेचे आकडे जाहीर झालेले नाहीत. त्याऐवजी नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक वापरला जातो. त्यानुसार ग्रामीण भागातील प्रमाण २०१५-१६ मध्ये ३२.५९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये १९.२८ टक्क्यांवर आले. हा निर्देशांक पोषण, शिक्षण, शौचालय, स्वयंपाकाचा गॅस, बँक खाते अशा बाबी मोजतो. उत्पन्न मोजत नाही. त्यामुळे २५.७ आणि १९.२८ हे आकडे एकाच रांगेत ठेवून तुलना करू नये. भाषणांत ती चूक वारंवार होते.

कोणत्या खर्चाने जास्त फरक पडला?

या विषयावर भारतात सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास शेंगेन फॅन, पीटर हेझेल आणि सुखदेव थोरात यांचा आहे. मूळचे अमरावती जिल्ह्यातील डॉ. थोरात पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९७० ते १९९३ या काळातील राज्यनिहाय आकडेवारीवरून त्यांनी प्रत्येक प्रकारच्या खर्चात आणखी एक रुपया वाढवला तर शेतीची उत्पादकता आणि दारिद्र्य यांवर किती परिणाम होतो, हे तपासले.

दारिद्र्य कमी करण्यात ग्रामीण रस्ते पहिल्या क्रमांकावर आणि कृषी संशोधन दुसऱ्या क्रमांकावर आले. उत्पादकतेच्या बाबतीत संशोधन पहिले होते. शिक्षणाचा क्रमांक तिसरा. सिंचन, मृद व जलसंधारण, आरोग्य आणि ग्रामविकास योजना यांचा वाढीव रुपयामागील परिणाम बराच कमी होता, आणि वीज सर्वांत मागे होती. या तुलनेत सिंचन खाली दिसते याचा अर्थ सिंचन निरुपयोगी आहे असा नाही. हरितक्रांतीच्या आरंभी सुधारित बियाणे आणि खत पाण्याशिवाय चाललेच नसते. सोयीच्या जागी कालवे आधीच झाले होते, उरलेले प्रकल्प महाग आणि अवघड होते, म्हणून वाढीव रुपयाचे फळ घटले.

फॅन व हेझेल यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, अनेक प्रकारच्या गुंतवणुकीचा परिणाम बागायती प्रदेशापेक्षा कोरडवाहू प्रदेशात जास्त आढळला. मराठवाडा, विदर्भ, तेलंगणा, बुंदेलखंड यांसारख्या भागांसाठी हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. दीर्घकाळ पैसा मात्र आधीच पाणी असलेल्या भागाकडे अधिक गेला.

रस्ते

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी, आदिवासी व वाळवंटी भागात २५० लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्त्याने जोडणे हे तिचे मूळ उद्दिष्ट होते. या रस्त्यांवर सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद यांनी केलेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वरील निष्कर्षाला वेगळी बाजू देतो. रस्ता झाल्यानंतर सुमारे चार वर्षांनी गावातील लोक शेती सोडून बाहेरच्या कामांकडे वळले होते. पण पीकपद्धती, उत्पन्न किंवा घरातील मालमत्ता यांत मोठा बदल दिसला नाही.

दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतातच असे नाही. आधीचा अभ्यास राज्याच्या पातळीवरचा आणि दोन दशकांचा होता. नंतरचा लहान, शेवटी जोडल्या गेलेल्या गावांचा आणि थोड्या काळाचा आहे. मुख्य रस्त्याजवळच्या गावाला डांबरी रस्ता मिळणे आणि बाजारापासून लांबच्या वाडीला तो मिळणे, यांत फरक राहणारच. वाडीतून तालुक्याला कामाला जाता येणे हाच तिथे रस्त्याचा पहिला लाभ असतो.

पाणी: धरण आणि पाणलोट

मोठ्या धरणांचा लाभ आणि भार एकाच ठिकाणी पडत नाही. एस्थर डुफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धरणाच्या खालच्या बाजूच्या जिल्ह्यांत शेती उत्पादन वाढले आणि दारिद्र्य घटले; ज्या जिल्ह्यात धरण बांधले गेले तिथे मात्र दारिद्र्य वाढल्याचे आढळले. जमीन बुडते एका ठिकाणी आणि कालवा भिजवतो दुसऱ्याच ठिकाणी. पुनर्वसनावरचा खर्च म्हणून कृपा नव्हे, तर त्या प्रकल्पाच्या खर्चाचाच भाग आहे.

दुसरी अडचण विलंबाची. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये झाले. मूळ अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता; २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि पुढे सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. धरण उभे राहिले तरी शेतापर्यंतची वितरिका झाल्याशिवाय शेतकऱ्याच्या दृष्टीने खर्च झालेला नसतोच. अशा रखडलेल्या प्रकल्पांसाठी १९९६-९७ मध्ये वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम आणि २०१५-१६ पासून प्रधानमंत्री कृषी सिंचन योजना आखण्यात आली.

पाणलोटाची कामे लहान असतात, पण त्यांचे यश गावाच्या नियमांवर अवलंबून असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. १९९० च्या दशकात तेथे आदर्श गाव योजना आणि रोजगार हमी यांच्या निधीतून समतल चर, नालाबांध आणि वनीकरणाची कामे झाली. असे निधी इतर गावांनाही मिळाले होते. हिवरे बाजारने त्याच्या जोडीला शेतीसाठी बोअरवेल घेण्यास आणि ऊस-केळीसारख्या जास्त पाण्याच्या पिकांना मनाई केली, चराईबंदी पाळली आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत सुरू केली. विहिरींना पाणी टिकले, चारा वाढला, दुधाचा धंदा उभा राहिला आणि शहरात गेलेली काही कुटुंबे परतली. चर खोदून थांबलेल्या गावांत पाणी आधी ज्याची विहीर खोल त्याला मिळते.

अनुदान आणि हमीभाव

युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. उत्पादन किंवा आयातीचा खर्च याच्या कितीतरी पट असतो आणि फरक केंद्र शासन भरते. हे अनुदान गोणीमागे असल्यामुळे जो जास्त गोण्या वापरतो त्याला जास्त मिळते. बागायतदाराचा वाटा कोरडवाहू शेतकऱ्यापेक्षा मोठा होतो आणि शेतमजुराला थेट काहीच मिळत नाही. २०१० पासून स्फुरद आणि पालाश खतांवर पोषणमूल्याधारित अनुदान लागू झाले, पण युरिया त्यातून वगळला गेला. तो तुलनेने स्वस्त राहिल्याने त्याचा वापर गरजेपेक्षा जास्त होतो आणि जमिनीचा कस बिघडतो.

कृषिपंपांच्या मोफत विजेचेही तसेच आहे. पंजाबने ही सवलत १९९७ मध्ये दिली. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आहे. पंप असलेल्यालाच लाभ, आणि भूजल उपसण्यावरचा एक लगाम सैल. किमान आधारभूत किंमत २२ पिकांना जाहीर होते. मात्र शांता कुमार समितीने २०१५ मध्ये दाखवून दिले की प्रत्यक्षात सुमारे सहा टक्के शेतकरीच शासकीय यंत्रणेला त्या भावाने माल विकू शकतात.

अनुदाने एकदम बंद करावीत असा याचा अर्थ नाही. खत महागले तर लहान शेतकरी आधी अडचणीत येतो, आणि धान्य स्वस्त राहिल्याने विकत खाणाऱ्या मजुराला फायदा होतो. प्रश्न प्रमाणाचा आहे: संशोधनापेक्षा सोळा पट खर्च खतावर करून गावातील सर्वांत गरिबाच्या हातात किती पडते?

थेट रक्कम: जमीन हीच अट

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत दिले जातात. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा दोन हेक्टरांची मर्यादा होती. ती जून २०१९ पासून काढण्यात आली. महाराष्ट्रात नमो शेतकरी महासन्मान निधीतून २०२३ पासून आणखी ६,००० रुपये मिळतात.

पाच जणांच्या कुटुंबात ६,००० रुपये म्हणजे माणशी महिना १०० रुपये. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भागातील माणशी मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये होता आणि सर्वांत खालच्या पाच टक्के लोकांचा १,३७३ रुपये. सरासरी घरासाठी ही मदत तीन टक्क्यांपेक्षा कमी, पण सर्वांत गरीब घरासाठी सात टक्क्यांहून अधिक ठरते. पेरणीच्या तोंडावर दोन हजार रुपये आले तर सावकाराकडची एक फेरी वाचते. अडचण अशी की त्या खालच्या पाच टक्क्यांतील अनेकांच्या नावावर जमीनच नसते, आणि योजनेची पहिली अट जमीन अभिलेखातील नाव ही आहे. बटाईने किंवा मक्त्याने जमीन कसणारा, वडिलांच्या नावावरचा सातबारा न फुटलेला मुलगा, नवऱ्याच्या मृत्यूनंतर वारसनोंद न झालेली स्त्री, हे सर्व यादीबाहेर राहतात.

राज्यांनी यावर वेगवेगळी उत्तरे शोधली. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू योजनेतून एकरामागे रक्कम दिली. जास्त जमीन त्याला जास्त रक्कम, आणि कसणारा वाटेकरी बाहेर. ओडिशाच्या कालिया योजनेने भूमिहीन कुटुंबांसाठी शेळीपालन, कुक्कुटपालन, अळिंबी यांसारख्या व्यवसायांना १२,५०० रुपयांची स्वतंत्र तरतूद केली. दारिद्र्याच्या दृष्टीने ओडिशाची रचना अधिक विचारपूर्वक होती.

कर्जमाफीचा लाभही जमीन आणि बँक कर्ज असलेल्यांनाच मिळतो. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरांच्या मर्यादेमुळे विदर्भातील कोरडवाहू शेतकरी मोठ्या प्रमाणात पूर्ण माफीबाहेर राहिले, आणि सावकारी कर्ज तर तिच्या कक्षेतच नव्हते. लाभार्थींनी पुढे शेतीत जास्त गुंतवणूक केल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसले नाही.

मजुरीतून पोहोचणारा खर्च

भूमिहीनांपर्यंत थेट पोहोचणारी वाट महाराष्ट्राने आधी दाखवली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. तिच्या निधीसाठी व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातील पगारदाराच्या पैशाने गावातील मजुराला काम मिळाले. याच धर्तीवर २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला, २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत आणि एप्रिल २००८ पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांत तो लागू झाला.

या खर्चाचा परिणाम कामावर गेलेल्यापुरता राहत नाही. क्लेमां इंबेर आणि जॉन पॅप यांच्या अभ्यासानुसार योजना आधी आलेल्या जिल्ह्यांत खासगी रोजंदारीचे दरही चार-पाच टक्क्यांनी वाढले. मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार इथूनच येते, आणि ती खोटी नाही. पण गरीब घरात विकायला श्रमच असतात, त्यामुळे त्यांच्या बाजूने हा लाभच आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पभूधारकांच्या शेतात विहीर, शेततळे किंवा फळबाग या कामांतून मजुरी आणि मालमत्ता दोन्ही मिळतात. कामाचे दिवस, मजुरी दर आणि निधीची वाटणी कायद्यातील व नियमांतील बदलांनुसार बदलते, म्हणून अर्ज करण्यापूर्वी ग्रामपंचायतीत चालू नियम विचारून घ्यावेत. कामाची मागणी लेखी द्यावी आणि तारखेसह पोच घ्यावी.

जमीन नावावर नसल्यास

किसान क्रेडिट कार्डासाठी कूळ, तोंडी करारावर कसणारे आणि वाटेकरीही पात्र आहेत. बँका बहुधा सातबारा मागतात, तेव्हा संयुक्त दायित्व गटामार्फत अर्ज करणे सोपे जाते. पीक विमा योजनेतही भाडेपट्ट्याने कसणाऱ्यांना सहभागी होता येते, मात्र राज्याने ठरवलेला करार किंवा दाखला जोडावा लागतो. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे लगेच द्यावा. अनेक हप्ते आणि भरपाई केवळ या एका नोंदीसाठी अडकतात.

गावाच्या पातळीवर पंचायत विकास आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. २०१८ पासून दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास त्यासाठी मोहीम घेतली जाते. कोणत्या वस्तीचा रस्ता आधी, कोणाच्या शेतातले काम आधी, हे त्या सभेत ठरते आणि मजूर कुटुंबे त्या दिवशी बहुधा कामावर गेलेली असतात. सभेची वेळ संध्याकाळी ठेवण्याची मागणी ग्रामसेवकाकडे आधीच लेखी करता येते.